प्रीअल्ब्युमिन : एका नावाचा आणि एका आकड्याचा अर्थ

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने रक्ताच्या तपासणीविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांस काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रारंभीच खुलासा केलेला बरा. प्रस्तुत लेखाचा विषय रक्तातील एक प्रथिन हाच आहे. परंतु त्या प्रथिनाला मिळालेले नाव, त्या नावाने सुचविलेला अर्थ आणि प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेल्या आकड्यावरून काढले जाणारे अनुमान या तीन गोष्टींचा जो गुंता गेल्या आठ दशकांत झाला, तो चिन्ह आणि त्याचा अर्थ यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या कोणालाही आपल्याच प्रांतातला वाटावा असा आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त घरगुती होते. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशीचे मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि चौथ्या दिवशी तिला ताप येऊन छातीत कफ भरला. त्या दिवशीच्या रक्ततपासणीच्या कागदावर एक ओळ होती : प्रीअल्ब्युमिन, दर १०० मिलिलिटरला ९ मिलिग्रॅम, आणि समोर, अपेक्षित मर्यादा २० ते ४०. आकड्याखाली रेघ मारलेली होती. तपासणी पोषणाची आहे, एवढे कोणीतरी सांगितले, आणि भेटीस आलेल्या नातलगांनी उरलेला अर्थ स्वतः लावला. सून सासूला धड जेवायला घालत नव्हती, असा तो अर्थ होता. माझी वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ हा शब्द असतो. तो कोणत्या विषयातला, याची चौकशी अशा वेळी कोणी करीत नाही. मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. पुढे वाचन करून जे उमगले ते येथे मांडीत आहे.

प्रथम नावाविषयी. ‘प्रीअल्ब्युमिन’ हा शब्द ऐकणाऱ्याला सहजच वाटते की, हा अल्ब्युमिनच्या आधीचा, अल्ब्युमिनमध्ये रूपांतरित होण्यापूर्वीचा पदार्थ असावा. जणू दह्याआधीचे दूध. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांतही हा समज आढळतो. वस्तुतः या दोन प्रथिनांत जनक-जन्य असा काहीही संबंध नाही. दोन्ही यकृतात तयार होतात, दोन्ही रक्तात विहरतात, याहून अधिक नाते त्यांच्यात नाही. मग ‘प्री’ कशासाठी?

स्वीडनमधील उप्साला येथील आर्न टिसेलिअस यांनी १९३७ साली विद्युत् संचारणाचे, म्हणजेच इलेक्ट्रोफोरेसिसचे, आपले उपकरण प्रसिद्ध केले. द्रवात विरघळलेल्या प्रथिनांवर विद्युत्भार असतो. द्रवातून वीजप्रवाह सोडला म्हणजे निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या वेगांनी एका ध्रुवाकडे सरकतात आणि त्यांचे पट्टे वेगळे होतात. रक्तद्रवातील प्रथिनांचे अल्ब्युमिन व त्यामागोमाग येणारी आल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिने हे वर्गीकरण या शर्यतीतील क्रमावरूनच रूढ झाले. टिसेलिअस यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वांत मोठा पट्टा अल्ब्युमिनचा, आणि तोच सर्वांत पुढे, अशी प्रथम समजूत होती. १९४२ साली अमेरिकेत कॅबट, मूर व लँडो यांना मस्तिष्क-मेरुद्रवात, तर सायबर्ट व नेल्सन यांना क्षयरुग्णांच्या सीरममध्ये, अल्ब्युमिनच्याही पुढे धावणारा एक फिकट घटक दिसला. (रक्त गोठल्यावर जो पिवळसर निवळ द्रव उरतो तो सीरम.) या घटकाला जे नाव मिळाले त्यातील ‘प्री’चा अर्थ एवढाच की, पट्टीवरील त्याची जागा अल्ब्युमिनच्या अलीकडची होती. म्हणजे हे नाव गुणावरून पडलेले नाही, कार्यावरूनही नाही. रांगेतल्या जागेवरून पडले आहे. शाळेतील पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलाला सगळ्यांनी ‘पहिला’ म्हणावे आणि काही वर्षांनी तो परीक्षेत पहिला आला होता असे लोक समजू लागावेत, तसे हे झाले.

स्थलवाचक शब्दांचे कालवाचक अर्थ होणे ही सर्वच भाषांत आढळणारी घटना आहे. लॅटिन ‘प्रै’ हे स्थळाने पुढचे आणि काळाने आधीचे, दोन्हींचे वाचक आहे. त्याचा सगोत्र संस्कृत उपसर्ग ‘प्र’ हा ‘प्रगती’त स्थळाने पुढे नेतो, ‘प्रपितामहा’त काळाने मागे नेतो, आणि ‘प्रपौत्रा’त पुन्हा काळाने पुढे. मराठीचे वळण तर आणखी निराळे. आपला ‘पुढे’ स्थळाच्या अर्थी ‘प्री’शी जुळतो, परंतु काळाच्या अर्थी तो नेमका उलट बाजूस, भविष्याकडे, जातो. ‘पुढे धावणारा’ म्हणजे आधी पोचणारा, आणि ‘पुढे होणारा’ म्हणजे नंतरचा! मराठी कानाला ‘अल्ब्युमिनच्या पुढचा’ असे सांगितले असते, तर कदाचित अल्ब्युमिनपासून होणारा असा उलटा गैरसमज झाला असता. उपसर्गांवर विसंबून शास्त्र शिकणे किती धोक्याचे आहे, याचा हा चांगला मासला होय.

यात आणखी एक गंमत आहे. अल्ब्युमिनचा खरा पूर्वगामी पदार्थ आहेच. यकृतपेशीत अल्ब्युमिन तयार होताना प्रथम जी लांब साखळी बनते तिला ‘प्रीप्रोअल्ब्युमिन’ म्हणतात; तिचा आरंभीचा तुकडा गळून ‘प्रोअल्ब्युमिन’ होते, आणि पुढे आणखी एक लहानसा तुकडा गळून अल्ब्युमिन होते. म्हणजे एकाच विषयाच्या परिभाषेत, एकाच शब्दाला लागलेला एकच उपसर्ग, एका ठिकाणी काळ दाखवितो आणि दुसऱ्या ठिकाणी जागा.

या प्रथिनाचे कार्य हळूहळू उलगडत गेले. १९५८ साली सिडनी इंगबार यांनी दाखविले की, ते अवटु ग्रंथीचा थायरॉक्सिन हा स्राव बांधून नेते. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कनाई, राझ आणि गुडमन यांनी अ जीवनसत्त्वाचे, म्हणजे रेटिनॉलचे, रक्तातील वाहक प्रथिन शोधून काढले. ते वाहक प्रथिन आकाराने लहान असून एकटे हिंडले तर मूत्रपिंडातून गाळले जाण्याचा धोका असतो. म्हणून ते प्रीअल्ब्युमिनला चिकटून प्रवास करते. स्वतः प्रीअल्ब्युमिन हे चार समान घटकांचे बनलेले आहे, प्रत्येक घटकात १२७ ॲमिनो अम्ले आहेत, आणि एकूण रेणुभार सुमारे ५५,००० आहे. अल्ब्युमिनचा रेणुभार साडेसहासष्ट हजारांच्या आसपास. १९८१ साली जीवरसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या परिभाषा समितीने जुने नाव सोडून ‘ट्रान्सथायरेटिन’ हे नाव मान्य केले : ‘ट्रान्स’ म्हणजे वहन, ‘थाय’ म्हणजे थायरॉक्सिन, ‘रेटिन’ म्हणजे रेटिनॉल. नाव कृत्रिम आहे, उच्चारास जड आहे. पण खरे आहे.

समित्यांनी नावे बदलली म्हणून भाषा बदलत नाही, हे आपल्यास ठाऊकच आहे. चाळीसहून अधिक वर्षे लोटली, तरी दोन्ही नावे चालू आहेत, आणि त्यांनी आपापसांत प्रांत वाटून घेतले आहेत. रेणूची रचना अभ्यासणारे ‘ट्रान्सथायरेटिन’ म्हणतात. हाच रेणू विस्कटून त्याचे तंतू मज्जातंतूंत व हृदयात साचण्याचा जो विकार आहे (पोर्तुगालमधील कोरिनो आंद्रादे यांनी १९५२ साली त्याच्या आनुवंशिक प्रकाराचे वर्णन केले), त्यावर उपचार करणारे हृदयरोगतज्ज्ञ व मज्जातज्ज्ञही तेच नाव वापरतात. पोषणाचा विचार करणारे मात्र ‘प्रीअल्ब्युमिन’ला धरून आहेत. एकाच रुग्णालयाच्या दोन मजल्यांवर एकाच पदार्थाविषयी दोन शब्दांनी बोलणे चालावे आणि एका मजल्यावरच्या ज्ञानाची दुसऱ्यावर फारशी वार्ता नसावी, हा समानार्थी शब्दांचा केवळ शैलीपुरता प्रश्न नव्हे. त्याचा परिणाम काय होतो ते पुढे दिसेल.

आता हे प्रथिन पोषणाचे निदर्शक कसे ठरले ते पाहू. त्यासाठी त्या काळची हवा ध्यानात घ्यावयास हवी. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानातील, बालकांच्या एका रोगाचे वर्णन केले. त्यात पाय सुजत, कातडी सोलवटे, केस फिके पडत. १९३५ साली त्यांनी त्या रोगाचे अक्राच्या परिसरातील गा भाषेतले नावच शास्त्रात आणले : ‘क्वाशिओर्कोर’. पुढचे भावंड जन्मले म्हणजे अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय. या नावात प्रथिनाचा उल्लेख नाही. आहे ती एका घरातली घडामोड. परंतु पुढील तीन दशकांत आंतरराष्ट्रीय आरोग्यक्षेत्राने त्या शब्दाचा अर्थ ‘प्रथिनांची कमतरता’ असाच घट्ट केला. जगात प्रथिनांचे संकट येऊ घातले आहे अशा आशयाचा अहवाल संयुक्त राष्ट्रांनी १९६८ साली काढला. त्याच वर्षी हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळांतून सी. गोपालन यांनी निराळे निरीक्षण मांडले : क्वाशिओर्कोर होणाऱ्या आणि नुसती हाडे-कातडी उरणाऱ्या बालकांच्या मूळ आहारांत प्रथिनांच्या दृष्टीने फरक आढळत नाही. १९७४ साली डॉनल्ड मॅक्लॅरेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सर्व प्रकाराला ‘प्रथिनांची मोठी फजिती’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन लेख लिहिला.

या वातावरणात, १९७२ साली, ‘लॅन्सेट’मध्येच इंगेनब्लेक, द व्हिशर आणि द नेयर यांचा लेख आला. प्रथिन-उष्मांक कुपोषणाचे निदर्शक म्हणून प्रीअल्ब्युमिन मोजावे, असे त्यात सुचविले होते. त्यामागील तर्क आकर्षक होता, हे मान्य केले पाहिजे. तोवर पोषणासाठी अल्ब्युमिन मोजीत. परंतु अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे वीस दिवसांचे, आणि शरीरातील साठाही मोठा. उपासमार सुरू झाली किंवा थांबली, तरी तो आकडा आठवडेच्या आठवडे हलत नाही. प्रीअल्ब्युमिनचे अर्धायुष्य अवघे दोन दिवसांचे, आणि रक्तातील प्रमाण अल्ब्युमिनच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. लहान टाकी, मोठी तोटी. पाणी येणे थांबले की पातळी लगेच उतरावी, आणि आले की लगेच चढावी. अन्न कमी पडले की यकृताला कच्चा माल कमी पडणार, प्रथिन कमी बनणार, आकडा खाली येणार. आठवड्यातून दोनदा मोजले की आहाराचा परिणाम डोळ्यांना दिसणार. रुग्णालयांना असा आकडा हवाच होता, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत या तपासणीचे प्रस्थ वाढले.

मोजण्याची रीतही थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण आकड्याचा विश्वास तिच्यावर अवलंबून आहे. मूळ तत्त्व असे की, एखाद्या मानवी प्रथिनाची लस प्राण्याला टोचली म्हणजे त्याच्या रक्तात फक्त त्याच प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडे तयार होतात. सत्तरीच्या दशकात मान्चिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली सिद्ध केलेली पद्धत वापरात होती. प्रतिपिंडे मिसळलेल्या अगारच्या पातळ थरात बारीक भोके पाडावयाची, त्यांत सीरमचा थेंब सोडावयाचा आणि वाट पाहावयाची. प्रथिन चहूकडे पसरत जाते आणि प्रतिपिंडाशी जुळून भोकाभोवती पांढुरके वर्तुळ उमटते. पुरेसा वेळ दिल्यावर वर्तुळाच्या व्यासाचा वर्ग प्रथिनाच्या प्रमाणाशी सम असतो. तेव्हा ज्ञात प्रमाणांच्या नमुन्यांशी तुलना करून आकडा काढता येतो. ही रीत पाहावयास सुंदर, पण दिवस-दोन दिवस खाणारी. ज्या प्रथिनाची महती शीघ्रतेत त्याची तपासणी इतकी संथ, हा विरोध फार काळ टिकण्यासारखा नव्हता.

आज हेच काम यंत्र काही मिनिटांत करते. सीरम आणि प्रतिपिंडांचा द्रव लहानशा कुपीत एकत्र येतात. प्रथिन आणि प्रतिपिंड यांची जाळी विणली जाऊन द्रव किंचित गढूळ होतो. त्यातून प्रकाशाचा किरण सोडतात. पलीकडे पोचणारा प्रकाश किती घटला हे मोजण्याची एक पद्धत, आणि बाजूस विखुरलेला प्रकाश किती हे मोजण्याची दुसरी. गढूळपणा जितका अधिक तितके प्रथिन अधिक. यात फसगतीच्या जागा आहेत. जेवणानंतरच्या किंवा चरबीचे विकार असलेल्या रुग्णाच्या रक्तात सीरम मुळातच दुधट असते, आणि यंत्राला चरबीचा गढूळपणा व जाळीचा गढूळपणा यांतील भेद आपोआप कळत नाही; त्यासाठी कोऱ्या नमुन्याची वजाबाकी करावी लागते. प्रथिन फारच जास्त झाले तर प्रत्येक रेणूच्या वाट्याला पुरेशी प्रतिपिंडे येत नाहीत, जाळी विणलीच जात नाही, आणि भरपूर प्रथिन असूनही आकडा कमी निघतो. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून युरोपात १९९०च्या दशकात सीरमचा एक प्रमाणित संदर्भ-नमुना तयार करण्यात आला. तो पूर्वीपेक्षा पुष्कळ मेळ घालतो. तथापि अपेक्षित मर्यादा प्रयोगशाळेगणिक थोडीफार बदलते, म्हणून आकडा वाचावयाचा तो त्याच कागदावर छापलेल्या मर्यादेशी ताडून.

सांगण्याचा मुद्दा हा की, मोजमाप आज पुष्कळ चांगले आहे. मावशीचा ९ हा आकडा बहुधा बिनचूक होता. चूक होती ती त्याच्या वाचनात.

शरीराला जखम झाली, जंतुसंसर्ग झाला, शस्त्रक्रिया झाली, म्हणजे दाहाची प्रतिक्रिया सुरू होते. पेशींतून इंटरल्यूकिन-६ सारखे निरोप्ये सुटतात आणि यकृताला जणू नवा हुकूम मिळतो : नेहमीचा माल थांबवा, युद्धाचा माल काढा. अशा वेळी जी प्रथिने वाढतात त्यांत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन प्रमुख. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम पाहिले. न्यूमोनियाच्या जंतूंतील ‘सी’ नावाच्या अंशाशी त्याची प्रतिक्रिया होई, म्हणून हे नाव. (हेही नाव प्रयोगातील एका योगायोगाचे, पण त्याने कोणाची दिशाभूल केलेली नाही.) आणि जी प्रथिने घटतात त्यांत अल्ब्युमिन आहे, ट्रान्सफेरिन आहे, आणि आपले प्रीअल्ब्युमिनही आहे. शिवाय दाहात केशवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन प्रथिने रक्ताबाहेर झिरपतात, आणि शिरेतून दिलेल्या सलाइनने रक्त पातळ होते ते निराळेच. म्हणजे तोटी बंद झाली ती कच्चा माल संपला म्हणून नव्हे, कारखान्याने दुसरे काम हाती घेतले म्हणून.

उलट बाजूचा पुरावा अधिक बोलका आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे ॲन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरले. रक्तद्रवातील प्रथिनांचे प्रमाण मात्र त्या मानाने फारच थोडे घटले. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारा एक लेख प्रसिद्ध झाला. अन्य रोग नसलेल्या पण उपाशी राहिलेल्या माणसांत अल्ब्युमिन व प्रीअल्ब्युमिन ही दोन्ही उपासमार अगदी पराकोटीला जाईपर्यंत बहुधा मर्यादेतच राहतात, असा त्याचा निष्कर्ष होता. अन्नाला पाठ फिरविण्याच्या मानसिक विकाराने अस्थिपंजर झालेल्या तरुणींतही हे आकडे चांगले दिसू शकतात.

भर म्हणून, काही कारणांनी हा आकडा वर जातो. स्टेरॉइड औषधांनी तो वाढतो, मूत्रपिंडे निकामी होत चालली की तो वाढतो. असा रुग्ण डोळ्यांदेखत खंगत असला, तरी कागद सांगतो की सर्व ठीक आहे. मला तर ही चूक पहिलीपेक्षा भयंकर वाटते. पहिल्या चुकीत नातलग सुनेला दोष देतात. दुसरीत जो खरोखर उपाशी आहे त्याच्याकडे कोणी पाहतच नाही.

आणि सर्वांत निर्णायक उदाहरण वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या मजल्यावरचे, म्हणजे ‘ट्रान्सथायरेटिन’ म्हणणाऱ्यांचे. त्या प्रथिनाचे तंतू साचण्याच्या विकारावर २०१८ साली ‘पॅटिसिरान’ हे औषध मान्य झाले. यकृतात हे प्रथिन बनविण्याचा जो संदेश असतो तोच ते निकामी करते, आणि रक्तातील प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी उतरते. या रुग्णांना सोबत रोजच्या गरजेपुरते अ जीवनसत्त्व घेण्यास सांगतात, कारण त्याच्या वाहकाचा आधार सुटलेला असतो. असा रुग्ण पोटभर जेवत असतो. तरी त्याचे ‘प्रीअल्ब्युमिन’ मोजले तर मावशीच्या आकड्याहूनही खाली भरेल. एका नावाने हा उपचाराचा यशस्वी परिणाम आहे. दुसऱ्या नावाने तेच तीव्र कुपोषण ठरेल!

आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत हा हेतू सव्यभिचार आहे. धूर पाहून अग्नीचे अनुमान चालते. अग्नी पाहून धुराचे चालत नाही, कारण लोखंडाच्या तापलेल्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. येथे तर दोन्ही दिशा मोडल्या आहेत : आकडा खाली आणि कुपोषण नाही, कुपोषण आहे आणि आकडा खाली नाही. मग इतकी वर्षे हे अनुमान खरे कसे वाटत राहिले? याचे उत्तर असे दिसते की, सत्तरीच्या दशकात ज्या बालकांत आणि पुढे ज्या रुग्णालयांतील खाटांवर हा आकडा मोजला गेला, तेथे उपासमार आणि जंतुसंसर्ग बहुधा एकत्रच नांदत होते. दोन कारणे नेहमी बरोबर आढळली म्हणजे कार्य कोणाचे हे नुसत्या पाहण्याने ठरत नाही. शिवाय रुग्ण सुधारू लागला की दाह ओसरतो, भूक परतते, आणि आकडाही चढतो. तेव्हा चढलेल्या आकड्याचे श्रेय पथ्याच्या जेवणाला देणे स्वाभाविकच होते.

मतपरिवर्तनास वेळ लागला. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या व शिरेतून पोषण देणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१२ साली प्रौढांतील कुपोषणाची जी लक्षणे एकमताने ठरविली, त्यांत अल्ब्युमिन व प्रीअल्ब्युमिन यांना स्थान दिले नाही. २०२१ साली त्यांपैकी दुसऱ्या संस्थेने स्पष्ट भूमिका घेतली की, ही प्रथिने पोषणाची नव्हेत, दाहाची निदर्शके आहेत. रुग्णाला पुढे धोका किती, हे ती सांगू शकतात, आणि अशा रुग्णाच्या पोषणाकडे अधिक लक्ष द्यावे हेही त्यातून निघते. पण ‘धोका आहे’ आणि ‘कुपोषण आहे’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. त्याच सुमारास, २०१८-१९ मध्ये, जागतिक सहमतीने जे निकष पुढे आले ते साधे आहेत : वजन किती घटले, उंचीच्या मानाने वजन किती, स्नायू किती उरले, आणि याच्या जोडीला, खाणे घटले आहे काय वा पचत नाही काय, व दाह वा मोठा आजार आहे काय. पहिल्या तिहींपैकी एक आणि दुसऱ्या दोहोंपैकी एक मिळाले पाहिजे. आपल्याकडे मेळघाटात वा अन्यत्र अंगणवाडीत बालकाचे वजन-उंची घेतात, दंडाभोवती फीत गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर तीव्र कुपोषण. त्या फितीला सुई लागत नाही.

याचा अर्थ ही तपासणी निरर्थक आहे असा नव्हे. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनच्या आकड्याशेजारी ठेवून ती वाचली, तर रुग्णाच्या शरीराने दाहाचा हुकूम मागे घेतला की नाही, हे चांगले समजते. दाहाचा आकडा मर्यादेत असताना प्रीअल्ब्युमिन खाली असेल, तर यकृत, जस्ताची कमतरता, आणि हो, आहारही, यांची चौकशी करणे रास्त आहे. एकट्या आकड्याला मात्र अर्थ नाही. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, असे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगतो. येथे ते वाक्य कागदावरच्या दोन-तीन ओळी आणि खाटेवरचा माणूस मिळून बनते.

मराठी परिभाषेविषयी एक सूचना करून थांबतो. पाठ्यपुस्तके मराठीत होताना कोणी ‘प्रीअल्ब्युमिन’चे ‘पूर्व-अल्ब्युमिन’ करू नये. तसे केल्यास इंग्रजीत जो भ्रम निदान पुसट आहे तो मराठीत ठसठशीत होईल. भाषांतर करावयाचेच असेल तर ‘अग्रगामी प्रथिन’ चालेल, कारण त्यात शर्यत दिसते. परंतु ‘ट्रान्सथायरेटिन’ हेच देवनागरीत घेणे मला अधिक बरे वाटते.

वहिनीने आणलेल्या कागदावर, रेघ मारलेल्या ओळीच्या खाली तिसऱ्या ओळीत, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचा आकडा होता : दर लिटरला १४२ मिलिग्रॅम, मर्यादा ५ पर्यंत. तो माझ्याही नजरेत पहिल्यांदा आला नव्हता. मावशीचा ताप प्रतिजैविकांनी उतरला. पंधराव्या दिवशीच्या तपासणीत प्रीअल्ब्युमिन २२ आले, नातलगांना समाधान वाटले, आणि रुग्णालयातील जेवणाची स्तुती झाली. त्या दिवशी वहिनीने सांगितले म्हणून मावशीला काट्यावर बसविले. भरतीच्या दिवसापेक्षा तिचे वजन तीन किलोंनी कमी भरले.